काय करायचंय परत?

आज फिजिओवालीनं विचारलं, काकू, तुम्हाला नेमकं काय करायचंय परत? मी म्हटलं गुडघा दुखू नये, बस. ती म्हणे ते कमी करूच, पण एखादी गोष्ट सांगा ना, तसा व्यायाम लावते. अन् मला सांगताच येईना.

बर्डीहून मेट्रोनं घरी येईपर्यंत तेच डोक्यात. दोन वर्षांत काय जमत नाही तेवढंच पाठ झालंय, मांडी नाही, पाट नाही, टेकडीच्या गणपतीला खालूनच नमस्कार, त्रिपुरीला सगळे रामटेकला गेले तर धाकटी म्हणाली तू नको येऊ, गडावर पायऱ्या आहेत. चांगल्यासाठीच म्हणाली. जाऊ दे.

व्यायाम तसा साधाच, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी घट्ट करायची, पाच मोजायचे, सोडायचं, असं दहादा. आधी वाटलं यानं काय होणार. पण तिनं सांगितलं की कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गादी असते तिच्यात, रक्तवाहिन्याच नसतात, तिला पोसतं ते सांध्यातलं पाणी अन् ते फिरतं हालचालीनं, म्हणून दुखतंय म्हणून बसून राहिलं की आणखीच आखडतं. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भारही कमी होतो. हे मला फार पटलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, आता पाय आपोआप तसेच पडतात.

तरी संध्याकाळी रडूच आलं. गोळी घेतली का, शेकलं का, ऑपरेशनचं काय ठरलं, एवढंच विचारतात सगळे. तुला काय करायचंय हे कोणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही.

रात्री टॉवेल घेऊन बसली अन् मोजता मोजता एकदम आठवलं. महालक्ष्म्यांची पावलं. दारापासून देवघरापर्यंत, खाली बसून, रांगोळीनं, माझ्या हातानं. यंदा स्टिकर चिकटवले होते, मला बघवत नव्हते ते. मांडी बहुतेक नाही यायची परत, ती सोडली मी. एक गुडघा उशीवर टेकून, बाजूला स्टूल ठेवून, कोणाचा हात न धरता उठता आलं तर झालं. नसेल होत तर तीच काहीतरी सुचवेल, पण परवा गेली की हेच सांगते तिला. भादव्याला अजून नऊ महिने आहेत.

उजव्याचे दहा झाले, डाव्याचे करायचेत.