विहिरीचं पाणी गेलं कुठं?
जळगाव जिल्ह्यात यावलकडच्या आमच्या मळ्यातली विहीर आजोबांच्या वेळी मोटेवर चालायची, आता तिच्यात आडवे-उभे बोअर मारूनही एप्रिलमध्ये मोटर हवा घेते. पाऊस कमी झाला म्हणतात सगळे, पण मला वाटतं त्याची पडायची तऱ्हाच बदलली, दोन तासांत धो-धो पडतो आणि नाल्याने थेट तापीत, मुरायला तर संथ झड लागते ना. आणि केळी! वर्षभर पाणी पिणारं पीक, ड्रिप, म्हणजे ठिबक, आलं तर वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी खोडं लावली. सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा पट्टा पाणी नुसतं गिळतो हो, मागच्या पावसाळ्याआधी तिथल्या नाल्यातला गाळ काढला, तर पहिल्याच पुराचं पाणी गोट्यांमधून डोळ्यांदेखत खाली उतरलं. यंदा तिथंच दोन बांध घालतोय.