तुम्ही विचारलंत म्हणून: बोट टोचायला ट्रेनिंग कशाला?

जळगाव-धुळ्याकडच्या हॉस्पिटलांत मी एचजीटीचे, म्हणजे बोट टोचून मशीनवर शुगर बघण्याचे क्लास घेते, असं कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "त्यात काय शिकवायचं असतं, मॅडम? आमच्या बाबांची शुगर तर माझी सातवीतली मुलगी बघते!" हॉस्पिटलचे मालक डॉक्टरही हेच विचारतात, फक्त जरा आडून. त्यांची अडचण मला समजते. क्लाससाठी भर ड्युटीत दोन सिस्टर वॉर्डातून उठवाव्या लागतात.

ती मुलगी बरोबरच बघत असणार. स्ट्रिप लावा, बोट टोचा, थेंब टेकवा, काही सेकंदांत आकडा. एवढंच असतं तर मीही दहा मिनिटांत चहा पिऊन निघाले असते. पण घरी पेशंट एक, मशीन त्याचंच, आणि तो जेवलाय की नाही हे सगळ्या घराला माहीत. वॉर्डात एकच मशीन सगळ्या खाटांवरून फिरतं. कुणाच्या हाताला सलाईन, कुणाचं हिमोग्लोबिन पाच, कुणी शुद्धीवर नाही. आणि आकडा आला की लगेच त्यावर इन्सुलिनचे युनिट ठरतात. मशीन चालवणं कुणालाही येतं. मशीनने दाखवलेला आकडा कधी मानायचा नाही, हे मी शिकवते.

सुरुवात चहापासून करते. सकाळी सहाची फास्टिंग घ्यायला सिस्टर खाटेपाशी जाते आणि विचारते, "आजी, काही खाल्लं का?" आजी म्हणते, "नही वो ताई, काहीच खादं नही." आजी खोटं बोलत नाही. आपल्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत. पण साडेपाचला नातवाने कॅन्टीनमधून गोडमिट्ट चहा आणलेला असतो आणि त्यात बुडवून दोन टोस्टही गेलेले असतात. शुगर २४० येते, फाइलवर 'फास्टिंग' म्हणून चढते, राउंडला डॉक्टर डोस वाढवतात. म्हणून माझ्याकडे शिकलेल्या सिस्टर "काही खाल्लं का" असं विचारत नाहीत, "चहा झाला का" असं विचारतात. हे कुठल्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

मग हात. रावेर-यावलच्या बाजूला क्लास असला की मी एखाद्या सिस्टरला पिकलेलं केळं सोलून कुस्करायला लावते, पेशंटला भरवण्यासाठी कुस्करतात तसं. मग तिने हात नॅपकिनला पुसायचे आणि त्याच बोटाची शुगर करायची. धडधाकट पोरीची शुगर दोनशेच्या वर दिसते आणि वर्गात कुजबुज सुरू होते. मग स्पिरिटचा बोळा फिरवून पुन्हा करतो. आकडा उतरतो, पण हवा तेवढा नाही. शेवटी साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून केली की नव्वदच्या आसपास. ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नव्हे. संत्रं, द्राक्षं, किवी हाताळायला लावून जपानी डॉक्टरांनी हाच प्रयोग केला होता, २०११ साली तो प्रसिद्धही झाला. स्पिरिटच्या बोळ्याने पाच वेळा पुसूनही बोटावरची साखर पुरती जात नाही, नळाच्या पाण्याने जाते, असं त्यात दिसलं. थेंबच इतका इवलासा असतो की त्यात फळाच्या रसाचा अंश मिसळला तरी पुरे होतो. पेशंटला उठून हात धुता येत नसतील तर ओल्या कापडाने बोट नीट पुसा, कोरडं करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा घ्या. स्पिरिट वापरलंच तर ते वाळू द्या. हे "वाळू द्या" सांगायला एक सेकंद लागतो आणि अंगवळणी पडायला महिने लागतात.

आपल्याकडच्या बोटांची गोष्टही निराळी आहे. शहरातल्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत गोरी, मऊ बोटं असतात. इथे समोर येतात केळीच्या चिकाने काळवंडलेली, विळ्या-कुदळीने घट्टे पडलेली बोटं. मधोमध टोचलं तर रक्त येत नाही आणि दुखतं मात्र भरपूर. मग सिस्टर बोट पिळते. पिळलं की रक्ताबरोबर पेशींच्या अवतीभवतीचं पाणी बाहेर येतं, थेंब पातळ होतो आणि आकड्याचा भरवसा राहत नाही. त्यापेक्षा हात खाटेखाली लोंबू द्या, कोमट पाण्याने शेका, मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या कडेला टोचा. घाईच्या वेळी हे कुणाला सुचत नाही, मान्य आहे. म्हणूनच ते क्लासमध्ये एकमेकींच्या बोटांवर करून घ्यावं लागतं.

ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं सलाईन चालू आहे त्या हाताचं बोट घ्यायचं नाही. पेशंट शॉकमध्ये असेल, हातपाय गार पडले असतील, बोटं सुजली असतील, तर बोटाच्या थेंबावर विसंबायचंच नाही, शिरेतून रक्त घेऊन लॅबला पाठवायचं. बोटापर्यंत रक्त नीट पोहोचतच नसेल तर मशीन बिचारं काय सांगणार?

मे महिन्यात क्लास घेते तेव्हा स्ट्रिपचा डबा आधी हातात घेऊन बघते. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो आणि बहुतेक स्ट्रिपच्या डब्यांवर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. डबा मात्र खिडकीतल्या ट्रॉलीवर असतो, वर पत्रा. कुणी हुशारी करून तो इन्सुलिनबरोबर फ्रिजमध्ये टाकतं. तिथून काढून लगेच उघडला की आत दमटपणा धरतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. सावलीतलं बंद कपाट बघा, एक स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. फोडल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा, कारण फोडल्यानंतरची मुदत वेगळी असते आणि ती एक्स्पायरीच्या कितीतरी आधी संपते. कंट्रोल सोल्युशन नावाची छोटी बाटली मिळते. वजनकाटा माहीत असलेलं माप टाकून तपासतात तसं तिच्या थेंबावर मशीन तपासायचं. डब्यावर छापलेल्या हद्दीत आकडा आला तरच ते मशीन वॉर्डात फिरवायचं. बऱ्याच ठिकाणी ही बाटली सील न फोडताच एक्स्पायर झालेली सापडते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी रक्त कमी असलेल्या पेशंटवर घालवते, नंदुरबारकडे तर खासच. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या बायकांत ॲनिमिया घरोघरी आहे, सिकलसेलही आहे. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण नेहमीसारखं आहे असं धरून स्ट्रिप हिशोब करते. पेशी फार कमी असल्या की शुगर आहे त्यापेक्षा जास्त दिसते, फार जास्त असल्या की कमी. खरी शुगर ६० आणि मशीनवर ७५-८०, असं होऊ शकतं. पेशंटला घाम फुटलाय, ती बरळतेय, आणि फाइलमध्ये 'शुगर नॉर्मल'. कुठल्या हिमॅटोक्रिटपर्यंत, म्हणजे तांबड्या पेशींच्या किती प्रमाणापर्यंत आकडा मानायचा हे स्ट्रिपच्या पत्रकात लिहिलेलं असतं आणि दर कंपनीचं वेगळं असतं. ते पत्रक डब्याबरोबर कचऱ्यात जातं. मी ते बाहेर काढायला लावते आणि ती एक ओळ मोठ्या अक्षरात मशीनच्या पाउचवर चिकटवते. (सिकलसेलच्या पेशंटमध्ये तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तीही फसवते. तो विषय डॉक्टरांचा, पण सिस्टरच्या कानावर असलेला बरा.)

"लॅबचा आणि मशीनचा आकडा जुळत नाही" ही तक्रार नातेवाइकांकडून रोज ऐकू येते. तो तंतोतंत जुळायचाच नसतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० पासून वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे लॅबमध्ये २०० आणि मशीनवर १७५ आले तर मशीन बिघडलेलं नाही. आणि मी स्वतः लॅबवाली असून सांगते, दर वेळी लॅबच बरोबर असते असंही नाही. साध्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या साध्या नळीत घेतलेलं रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. तालुक्याहून दुपारच्या एसटीने आलेल्या सॅम्पलची शुगर कमी दिसली तर आधी बल्ब बघा. राखाडी झाकणाचा, फ्लोराइडचा असायला हवा.

लॅन्सेटबद्दल, म्हणजे टोचायच्या सुईबद्दल मी क्लासमध्ये चर्चा करत नाही, सरळ ताकीद देते. पेनसारखं टोचण्याचं यंत्र एका पेशंटहून दुसऱ्याला वापरायचं नाही, सुई बदलली तरीही नाही. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत अशाने हिपॅटायटिस बी पसरल्याच्या नोंदी आहेत आणि २०१० साली तिथल्या सरकारी यंत्रणांनी तसा इशाराच काढला होता. वॉर्डात एकदाच वापरायची लॅन्सेट, ती पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात; रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत; मशीन दर पेशंटनंतर पुसायचं.

क्लासला कोण बसवायचं, यावरून माझे व्यवस्थापनाशी खटके उडतात. यादीत फक्त स्टाफ सिस्टर असतात. रात्री तीनला आणि पहाटे सहाला मशीन घेऊन प्रत्यक्षात फिरतात ते मावशी आणि वॉर्डबॉय मामा. त्यांनी करावं की नाही हा वाद घाला जरूर, पण ते करत असतील तर त्यांना खुर्ची द्या. माझ्या अनुभवात मावश्या जास्त बारकाईने ऐकतात. पेशंट सकाळी वेगळा दिसतोय हे आधी त्यांनाच कळतं.

शेवटचा अर्धा तास फक्त आकडा आल्यावर काय करायचं याचा. आधी आकडा कुठल्या मापात आहे ते बघा. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या मशीनवर १४ दिसलं तर घाबरू नका, ते दुसऱ्या मापात आहे. १८ ने गुणा, २५२ होतात. 'लो' किंवा 'हाय' अक्षरांत आलं तर 'मशीन एरर' लिहून पुढे जायचं नाही. बहुतेक मशीनवर त्याचा अर्थ २० च्या खाली किंवा ६०० च्या वर, आणि डॉक्टरांना फोन ताबडतोब करायचा असतो. ७० च्या खाली आली आणि पेशंट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारायची आणि शिरेतून डेक्स्ट्रोजची तयारी ठेवायची.

इथे हमखास कुणीतरी विचारतं, "पण मॅडम, आकड्याचाच भरवसा नसेल तर आधी लॅबचा रिपोर्ट येऊ द्यायचा ना?" कमी शुगरच्या बाबतीत नाही. पेशंट घामाने भिजलाय, थरथरतोय आणि मशीन ८२ म्हणतंय, तर पेशंटचं ऐका. शिरेतून रक्त घ्या, फ्लोराइड बल्ब लॅबला धाडा आणि रिपोर्टची वाट न बघता साखर द्या. नंतर फाइलमध्ये आकड्याशेजारी वेळ लिहा, कुठल्या हाताचं बोट होतं ते लिहा आणि चहा झाला होता का, तेही लिहा.