असल उत्तर, आमचा दिवाण आणि पंचेचाळीस टँक

तीनदा मांडलं आणि तिन्हीदा अर्ध्यात गुंडाळलं. चौथ्यांदा परवा पूर्ण झालं, तेही रात्री साडेबाराला, म्हणून म्हटलं हे लिहून ठेवू, कारण मोठी लढाई मिनिएचरवर, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेलं मांडून फाशांनी, खेळायची तर रूल्स कुठले घ्यायचे यात माझी दोन वर्षं गेलीत.

आमचं टेबल म्हणजे भुसावळच्या घरातला दिवाण, त्यावर सहा बाय चारचा प्लायवूड. लढाई असल उत्तरची. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन टँक घेऊन आली, आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने मागे सरून घोड्याच्या नालेसारखा मोर्चा धरला, उसाच्या शेतांत पाणी सोडलं आणि ८ ते १० तारखेच्या दरम्यान पॅटन त्या चिखलात रुतत गेले. पन्नास टनाच्या आसपासचा टँक शेतात रुततो कसा असं कोणाला वाटत असेल तर इकडे रावेर-यावलकडे यावं, रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू ठेवून कोणी झोपून गेला असेल त्याच्या केळीत सकाळी ट्रॅक्टर घालून बघावा.

पहिल्या वेळी आम्ही टीम यांकी घराण्यातले रूल्स घेतले, म्हणजे एक मॉडेल बरोबर एक टँक. त्याच कंपनीचं अरब-इस्रायल युद्धांवरचं पुस्तक आहे, त्यात सेंच्युरियन पण आहे आणि पॅटन पण आहे, म्हटलं आकडे तिथून उचलू. खेळ मस्तच आहे, खोटं कशाला बोलू. पण हिशोब बघा. आपल्या आर्मर्ड रेजिमेंटमध्ये साधारण ४५ टँक, म्हणजे १४-१४ चे तीन स्क्वाड्रन आणि वर हेडक्वार्टरचे ३. असल उत्तरला आपल्या बाजूने तीन रेजिमेंट होत्या, ३ कॅव्हलरी सेंच्युरियनवाली, डेक्कन हॉर्स शर्मनवाली आणि ८ कॅव्हलरी हलक्या एएमएक्स-१३ ची. झाले की नाही सव्वाशेच्या वर? पंधरा एमएम स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या मापाचा, सेंच्युरियन साडेसात सेंटिमीटरचा, नुसते ४५ एकामागे एक लावले तरी रांग सव्वातीन मीटरच्या पुढे जाते आणि दिवाण आहे सहा फुटाचा. त्याच स्केलने दोन किलोमीटरचा मारा मोजला तर वीस मीटर, म्हणजे माझा टँक घरात आणि त्याचं टार्गेट गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. म्हणून मग असले रूल्स अंतर दाबून बसवतात, आणि टँक एकमेकांना खेटून उभे राहतात, एसटी स्टँडच्या पार्किंगसारखे. तीन तासात दोन टर्न झाले. चिखलात शिरणाऱ्या प्रत्येक पॅटनसाठी वेगळा फासा टाकत होतो, मामा पाणी प्यायला आले, पाच मिनिटं उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "इतलं कसाले मोजी ऱ्हायना रे भो?"

तेव्हा हसलो, पण नंतर ड्युटीवर तेच डोक्यात. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर आहे. मला ड्रायव्हर दिसत नाही, इंजिन दिसत नाही, समोर चार्ट असतो आणि गाडी म्हणजे त्यावर ओढत नेलेली रेघ. फोनवर स्टेशन मास्तरला सांगायचं, मालगाडी लूपला (बाजूच्या लाईनवर) घ्या, आणि वाट बघायची. कधी पाच मिनिटात होतं, कधी वीस. मग ब्रिगेड कमांडरला तरी कुठल्या टँकचं तोंड कुठे आहे ते कसं दिसणार? रूल्स निवडताना बाकी सगळं मागाहून, आधी हे ठरवा की टेबलाशी तुम्ही कोण म्हणून उभे आहात. टँकचा ड्रायव्हर, स्क्वाड्रन कमांडर, की ब्रिगेडियर. ब्रिगेडियर असाल तर चिलखत किती मिलिमीटर हे विचारणं तुमचं काम नाही.

दुसऱ्या वेळी म्हणून सहा एमएमच्या लहान स्केलवर आलो. सेंच्युरियन अडीच सेंटिमीटरचा, आणि एक बेस (मॉडेल चिकटवलेली पट्टी) म्हणजे एक अख्खा ट्रूप, तीन-चार टँकची तुकडी. थ्रीडी प्रिंट करून घेतले, मे महिन्यात डबा पत्र्याच्या शेडमध्ये विसरलो आणि अर्ध्या पॅटनच्या तोफा खाली लोंबल्या, त्या तशाच आहेत. रूल्स होते फिस्टफुल ऑफ टोज. डिव्हिजन सुद्धा निभावतात, त्यात वाद नाही, पण गाड्यांच्या आकड्यांचे एवढे मोठे तक्ते आहेत की मामेभाऊ खेळण्यापेक्षा तेच वाचत बसला. पाहुणे आले, त्यांना झोपायला दिवाण लागला, विषय संपला.

तिसऱ्यांदा मॉडर्न स्पिअरहेड. ह्यात बटालियनला नकाशावर बाण काढून ऑर्डर द्यायची, आणि एकदा दिली की बटालियन त्या बाणावरच चालणार, बदलायची म्हटलं तर परत फासा. मनापासून सांगतो, माझ्या नोकरीच्या सगळ्यात जवळचे रूल्स हेच. भावाने बाण सरळ उसातून काढला होता, तिसऱ्या टर्नला त्याच्या लक्षात आलं, फासा पडेना आणि पॅटन गपगुमान पाण्यात शिरत राहिले. तो इतका चिडला की मला नाईटला निघायचं होतं ते बरंच झालं.

चौथ्यांदा, परवा, कोल्ड वॉर कमांडर. प्रत्येक हेडक्वार्टरला एक आकडा, दोन फासे टाकायचे, बेरीज तेवढी किंवा कमी आली की ऑर्डर पोचली. त्याच युनिटला परत ऑर्डर द्यायची तर एक वजा, लांब असेल तर अजून वजा. फसलं की त्या हेडक्वार्टरचं त्या टर्नपुरतं तोंड बंद. डबल सहा म्हणजे गोंधळच. याचा त्रास आहे, नाही असं नाही, नशीब लागलं तर एखादी तुकडी एका टर्नमध्ये चार वेळा पळून टेबल ओलांडते, म्हणून आम्ही तीनच ऑर्डर असा घरचा नियम लावला. पण खेळ संपतो हो! दोन माणसं, एक संध्याकाळ, मध्ये भरीत-भाकरी, तरी संपतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद, जीपवरची १०६ एमएमची रिकॉइललेस गन, म्हणजे टँक फोडायची हलकी तोफ, घेऊन पॅटन उडवणारे, परमवीर चक्र, ते ह्या पातळीवर दिसतच नाहीत. बटालियनला एक अँटी-टँक बेस, बास. पहिल्या रूल्समध्ये ती जीप खरंच जीप होती, लपायची, फायर करून जागा बदलायची, आणि भाऊ तिला शोधत फिरायचा. ते सुख ह्यात नाही. शेवटी एक सुटी जीप चीमा गावाजवळ नुसती ठेवून दिली. तिला आकडा नाही, तिच्यावर फासा टाकायचा नाही.

परवा भाऊ हरला, पण चिडला नाही, कारण ह्या वेळी फासे माझे पण फसत होते. आता त्याला बसंतरची लढाई मांडायचीय, १९७१ ची. माझी हरकत नाही, फक्त शेतं लागतील. असल उत्तरचा ऊस दारातलं हिरवं पायपुसणं कापून केलाय, दुसरं मागच्या दाराला आहे, आणि त्याच्यावर घरात सगळ्यांचं लक्ष आहे.