निवृत्तिनाथांच्या पौषवारीत

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि त्यासाठी निघालेल्या कितीतरी दिंड्या नाशिक ओलांडून सातपूर, अंजनेरी, पेगलवाडी या रस्त्याने पुढे जातात. यंदा अशाच एका दिंडीबरोबर मी चाललो. काही महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला होता, धडक देणारा चालक न थांबता पसार झाला होता, आणि ज्या विठ्ठलाचे नाव आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले त्याने हे कसे होऊ दिले, या प्रश्नाने मला झोप लागत नव्हती.

अंजनेरीच्या अलीकडे विसाव्याला बसलो असता एका सज्जनांनी हे सारे प्रारब्ध असल्याचे समजावले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते पटले नाही. गेलेल्याच्याच माथी दोष मारून देवाला मोकळे करणे ही मला भक्ती वाटत नाही. शेजारी निफाडकडच्या एक मावशी तळपायाच्या फोडातून सुईने दोरा ओवत होत्या. पाणी निथळावे म्हणून दोऱ्याची टोके त्यांनी बाहेरच ठेवली आणि मान वर न करता म्हणाल्या, "माझा तरणा लेक गेला, बाबा. मी रोज भांडते इठ्ठलाशी. पण भांडायला तरी तोच पाहिजे ना?"

पुढची सारी वाट मी निवृत्तिनाथांचा विचार करीत चाललो. संन्याशाची मुले म्हणून या चार भावंडांना वाळीत टाकले गेले, आणि परंपरा सांगते की त्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे धर्मशास्त्र जाणणारेच होते. पोरक्या मुलांचे मन देवावरून उडावे, इतका तो अन्याय मोठा होता. तरीही निवृत्तिनाथांनी ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून मिळालेला बोध ज्ञानदेवांना दिला, आणि ज्ञानदेवांनी देवाकडे दुष्टांचा दुष्टपणा जावो, असे मागितले. पुढे 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, मागोमाग सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावल्या. थोरल्या भावाला तिघांचेही जाणे पाहावे लागले आणि मगच, 1297 मध्ये, ते त्र्यंबकला समाधिस्थ झाले.

समाधीवर डोके टेकताना मी भावाच्या मृत्यूचे कारण विचारले नाही. त्या चालकाचा तपास लागावा म्हणून पोलीस ठाण्यातले हेलपाटे मी सोडणार नाही आणि विठ्ठलाशी भांडणेही सोडणार नाही. पण माझा भाऊ त्याच्याच हाती आहे, असे मी मनापासून मानतो. पुढच्या पौषात आईलाही दिंडीत आणायचे ठरले आहे.