पन्नासाला एक : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा गाळा शोधायला आलेला माणूस हमखास पुढे निघून जातो. दोन मोठ्या वर्कशॉपच्या मधे दहा बाय पंधराची जागा आहे. वडिलांनी १९९८ साली एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून तीन फुटी लेथ, म्हणजे धातूचा रॉड फिरवत कापायचं यंत्र, उचलला आणि इथे मांडला. आजूबाजूला इंजिनाचे पार्ट, पंपाचे शाफ्ट, भट्टीतून आलेली कास्टिंग, अशी सगळी दणकट कामं. शेजारचे मिस्त्री म्हणायचे, "अण्णा, हे खेळणं घेऊन करणार काय?" वडील म्हणायचे, "बारीक काम."

बारीक काम पहिल्यांदा आणलं महाद्वार रोडवरच्या एका घड्याळजींनी. चावीच्या भिंतीवरच्या घड्याळात पितळेच्या दोन पट्ट्या खांबांवर बसवलेल्या असतात आणि खांबाच्या टोकाच्या भोकात निमुळती पिन ठोकून त्या अडवतात. त्यांना तसल्या शंभर पिना हव्या होत्या. पितळ मऊ, लांबी जेमतेम १५ मिलिमीटर. वडिलांनी लेथची कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल (कापायचं हत्यार) तिरपं चालवणारी सरकती बैठक, थोडी फिरवली, कट घेतले, वर कानस मारली आणि काम झालं. आपल्याला टेपर, म्हणजे निमुळता उतार, कापता येतो, असा आमचा समज तिथेच झाला.

तो समज उतरवला व्हॉल्व्हच्या पिनांनी. बटरफ्लाय व्हॉल्व्हची तबकडी शाफ्टला टेपर पिनेने जखडतात. एका पार्टीने दोनशे पिनांची ऑर्डर दिली. पिन स्टीलची, बारीक टोक ३ मिलिमीटर, लांबी ४५, टेपर पन्नासाला एक, म्हणजे पन्नास मिलिमीटर लांबीला जाडी एक मिलिमीटरने वाढते, तेव्हा जाड टोक ३.९. निम्मा, म्हणजे एका बाजूचा, कोन धरला तर साधारण ३४ मिनिटं, अंशाच्या निम्म्याहून थोडा जास्त. कंपाउंडच्या चकतीवर अंशाच्या रेघा, मिनिटं आणायची कुठून? डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावून सेट केलं. पिना दिसायला अशा देखण्या, की वडिलांनी एक खिशात घालून घरी दाखवायला नेली.

पंधरा दिवसांत सगळा माल परत, गाडीभाडं आमच्याच डोक्यावर. रीमर (भोकाला नेमकं माप आणि टेपर देणारं हत्यार) मारलेल्या भोकात, पिन कुठे टेकते ते बघायला, निळा रंग लावून पिन बसवली, तर रंग फक्त बारीक टोकाला लागला. जाड टोक भोकात खुळखुळत होतं. सेटिंग बरोबर होतं, पण चकातून, म्हणजे रॉड पकडून फिरवणाऱ्या जबड्यातून, ४५ मिलिमीटर बाहेर आलेला रॉड टूल लागलं की मागे सरकत होता. टोकाला जास्त, चकाजवळ कमी. म्हणून टोक जाड राहायचं आणि टेपर कमी भरायचा. जाडी निम्मी झाली की तेवढ्याच जोराला रॉड सोळापट वाकतो, हे मी आयटीआयमध्ये फळ्यावर पाहिलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. हाताला मात्र तेव्हा कळलं.

मग आम्ही एकेक खटपट केली. कोन मुद्दाम वाढवला. दोन पिना बरोबर आल्या, टूलची धार जरा गेली आणि तिसरी फसली. टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे समोरच्या बाजूने रॉडच्या टोकाला टेकू देणारी अणी, लावला, तर टोक स्थिर झालं आणि पिनेला मधे पोट आलं. कार्बाइडचं टूल घातलं, पण त्याची धार मुळात बोथटसर, ते कापण्याआधी ढकलतंच. शेवटी हायस्पीड स्टीलचा तुकडा ऑइलस्टोनवर घासून घेतला, पुष्कळ फरक पडला, पण पुरेसा नाही.

तोडगा निघाला आमच्या जुन्या हेल्परमामांच्या तोंडून. ते म्हणाले, "ऊस सोलताना शेंड्याला धरतंय का कोण? कोयत्याजवळ धरायचा." वडील चहा तसाच ठेवून उठले.

सॅडलवर, म्हणजे टूल घेऊन लेथच्या लांबीत सरकणाऱ्या भागावर, गनमेटलचा बुश (भोकाची नळी) बसवला, भोक रॉडच्या मापाचं. टूल बुशला अगदी चिकटून, टेलस्टॉकच्या बाजूला. सॅडल चकाकडे सरकतं, बुश न कापलेल्या रॉडला धरून पुढे जातो आणि मागोमाग टूल कापतं. कापून झालेला भाग मोकळा लोंबतो, पण त्याच्यावर जोर नसल्यामुळे बिघडत नाही. टेपरसाठी बेडच्या मागे एक पट्टी बोल्टने जखडली आणि क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या बैठकीचा, स्क्रू सोडून स्लाइड तिच्यावर चालवली. सॅडल १०० मिलिमीटर चालवलं, की डायलचा काटा बरोबर एक फेरा मारायला हवा, म्हणजे एका बाजूने एक मिलिमीटर. हे जमवायला आमचे चार दिवस गेले.

यात कट एकच. दुसरा घ्यायला गेलात तर बुशला धरायला मूळ रॉडच उरत नाही. म्हणून टूलची उंची सेंटरला, म्हणजे रॉडच्या मध्यरेषेला, तंतोतंत लागते, नाहीतर टेपर सरळ न येता किंचित वळतो. रॉडही निवडून घ्यावा लागतो. मापात मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी जाड निघाला, तर बुशमध्ये गरम होऊन अडकतो. पितळ असेल तर टूलला वरून उतार द्यायचा नाही, सपाट ठेवायचं. नाहीतर टूल रॉडलाच ओढून घेतं. एका पोराने उतार दिला होता. वाकडा झालेला तो रॉड अजून खिळ्याला टांगलाय.

तपासणी सोपी आहे. रीमर मारलेल्या पट्टीत पिन टाकायची आणि वर किती राहते ते बघायचं. एक मिलिमीटर वर म्हणजे जाडीत दोन शतांश जास्त. मायक्रोमीटरपेक्षा हे बरं, नवीन पोरालाही लगेच दिसतं.

धंदा असाच वाढला, फार नाही. लोडशेडिंगच्या काळात रात्री काम केलं. २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याला जायचा पिनांचा एक डबा गाळ्यात अडकला. तेल न लावता भरलेल्या पिना दमट हवेत गंजल्या, सगळ्या पुन्हा केल्या. तेव्हापासून माल तेलात बुडवल्याशिवाय डब्याला झाकण लागत नाही. लाखाने पिना हव्या असतील, तर सीएनसीवाल्यांकडे जा, असं आम्हीच सांगतो. आमच्याकडे पन्नास, दोनशे, फार तर पाचशे नग येतात, आणि त्यातही ज्याला दुसरा कोणी हात लावत नाही असा बारीक माल.

परवा त्या घड्याळजींचा नातू आला होता. आजोबांच्या दुकानातलं एक घड्याळ उघडलंय, चार पिना हव्यात, म्हणाला. बुशांचा डबा काढला. प्रत्येक बुशवर वडिलांनी पंचने माप ठोकलंय. दीडचा सापडला, पण भोक झिजून सैल झालंय. आज नवा करायला घेतलाय.