'पॅटेला' लिहिलेला ट्रे

आमच्या नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहातला एक ट्रे 'पॅटेला' या एकाच चिठ्ठीखाली होता. सगळे खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायींचे टोपीसारखे शंख, रत्नागिरी-मालवणच्या अभ्यास सहलींतून मुलांनी आणलेले. नाव पाठ्यपुस्तकातून उचललेलं. पॅटेला मुख्यतः युरोपच्या किनाऱ्यांवरची. कोकणच्या खडकांवर सर्रास दिसते ती सेलाना रेडिएटा. प्रॅक्टिकल परीक्षेआधी ट्रे लावायला घेतला आणि आख्खा दिवस त्यात गेला.

बाहेरून बघून ओळखायचा मोह टाळावा. रंग, उंची, कंगोरे हे लाटांचा मार आणि झिजेप्रमाणे बदलतात. म्हणून सगळे शंख पालथे केले, मऊ ब्रशने धुतले. आम्ल अजिबात वापरायचं नाही, चुना विरघळून आतल्या खुणाच जातात. काहींना चमक यावी म्हणून नेलपॉलिश फासलेलं होतं. ते कापसावर ॲसिटोन घेऊन काढलं. मग आत पाण्याचा एक थेंब, बाजूने टॉर्च आणि दहापट भिंग. स्नायू चिकटल्याची नालासारखी खूण अशी लगेच उठून दिसते.

नालाचं तोंड उघडं असतं तिकडे प्राण्याचं डोकं. सेलानात ही खूण पुढचं तोंड सोडलं तर अखंड, आतून चंदेरी झाक. तशाच दिसणाऱ्या सायफोनेरियात मात्र उजव्या अंगाला आणखी एक खंड पडतो, कारण तिथून हवा-पाणी आत-बाहेर जातं. कडेलाही तिथे जरा फुगवटा येतो. इथेच मुलं हमखास फसतात. शंख पालथा असतो, त्यामुळे डोकं वर धरलं तर प्राण्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. सायफोनेरिया सेलानाची जवळची नातलगही नाही, तिला फुफ्फुसासारखी पोकळी असते. ट्रेमधले बरेच शंख तिचेच निघाले.

बाकीचे पटकन सुटले. आत अर्ध्यावर फळी असलेले क्रेपिड्युला. शेंड्याला भोक असलेले डायोडोरा. पण झिजेनेही भोक पडतं, म्हणून आतून भोकाभोवती जाड कडं आहे का ते पाहावं. नसेल तर तो झिजलेला शंख.

अडला एकच. शरीरासकट बरणीत ठेवलेला, पण फॉर्मालिन जुनं होऊन आम्लधर्मी झालेलं. शंखाची आतली बाजू खडूसारखी भुसभुशीत, खूण पुसलेली. मग तोंडाचा भाग कापून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात कोमट ठेवला. मांस विरघळलं, दातांची पट्टी, म्हणजे गोगलगायीची खरवडणारी जीभ, उरली. सेलाना असती तर पट्टी शंखापेक्षाही लांब, तपकिरी, ओळीत मोजकेच भक्कम दात. त्यांत गोथाइट हे लोहखनिज असतं. २०१५ मध्ये युरोपातल्या पॅटेलाचे असेच दात तोवर मोजलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत बळकट ठरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती आखूड, रुंद, रंगहीन पट्टी, आडव्या ओळीत बारीक दातांची दाटी. सायफोनेरिया, शंकाच नाही.

चिठ्ठ्या नव्या केल्या, पण बऱ्याच शंखांवर प्रजातीपुढे (जीनस) जातीचं (स्पीशीज) नाव लिहिता आलं नाही. कुठल्या गावचा किनारा, भरतीरेषेपासून किती खाली, उन्हातला खडक की कपार, यातलं काहीच मुलांनी नोंदलेलं नव्हतं. पुढच्या सहलीला प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी जाईल आणि बरणीत फॉर्मालिनऐवजी सत्तर टक्के अल्कोहोल.