सतरंजी न्यायची नाही

ऑक्टोबर २०१०. कोसोव्होतल्या मित्रोवित्सा शहराच्या उत्तर भागातली चेस्मिन लुग छावणी रिकामी होत होती. ट्रकमध्ये सामान चढण्याआधी दारात उभं राहून काय न्यायचं आणि काय इथेच टाकायचं, हे सांगणं माझ्याकडे होतं. नर्सला असलंही काम करावं लागतं, हे साताऱ्याला घरी मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

जून १९९९ मध्ये, युद्ध संपताच, इबार नदीच्या दक्षिण काठावरची रोमा महाला, म्हणजे रोमा लोकांचा मोहल्ला, अल्बेनियनांनी जाळली. सुमारे ८,००० माणसांची वस्ती होती ती. पळालेल्यांपैकी काही कुटुंबांना नदीच्या उत्तरेला, तात्पुरतं म्हणून, छावण्यांत ठेवलं. जवळच झ्वेचानची शिशाची भट्टी आणि खाणीच्या गाळाचे ढिगारे. भट्टी २००० मध्ये बंद झाली, ढिगारे जागेवरच राहिले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांचं रक्त तपासलं आणि शिशाचा धोका किती मोठा आहे ते समोर आलं. त्यानंतरही चेस्मिन लुग उठायला सहा वर्षं गेली. ‘हे लोक जुन्या बॅटऱ्या वितळवतात, त्यांचं तेच करून घेतात’ असं सांगणारे साहेब मला बैठकांत भेटले. बॅटऱ्या काही जण वितळवत होते, पोटासाठी. पण रांगणारं मूल बॅटरी वितळवत नाही. ते जमिनीवरचा हात तोंडात घालतं, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त अंगात घेतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखीच.

रक्त घेणं ही गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटते. तसं नाही. बोटावर धूळ असेल तर आकडा रक्ताचा न येता बोटाचा येतो. म्हणून साबणाने दोनदा हात धुवायचे, आणि धुतल्यावर मुलाने कशालाही हात लावायचा नाही. बोट स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, पहिला थेंब टाकून द्यायचा, बोट पिळायचं नाही. एवढं करूनही आकडा मोठा आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करायची. त्या काळी मुलांसाठी काळजीची रेषा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होती, औषध देण्याचा विचार ४५ पासून. पण औषध देऊन मूल परत त्याच धुळीत पाठवायचं, तर त्याला उपचार कसं म्हणायचं? आधी जागा बदलायची, मग औषध. जगभर हेच शिकवतात, आणि इथे नेमकी जागाच बदलत नव्हती.

मुलं सुई टोचताना मोठ्याने मोजायची. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात थांबला होता. पाण्याला पानी, नाकाला नाख, डोळ्याला याख. त्यांची भाषा हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून निघाली, हे पुस्तकात वाचलं होतं. पण मूल माझा अंगठा धरून ‘पांज’ म्हणतं तेव्हा परकेपणाला जागाच उरत नाही.

त्या दिवशी नियम साधा होता. धुता येईल ते भांडं न्यायचं. गाद्या, उशा, चटया, गालिचे न्यायचे नाहीत. धूळ विणीत बसते, झटकली की उडते, आणि धुतली तरी पूर्ण निघेल याची खात्री नाही. नदीपलीकडे महालातच बांधलेल्या नव्या घरात तेच शिसं पांघरायचं नव्हतं.

एका आजींनी लोकरी सतरंजी दारात आणून ठेवली. मी दुभाष्यामार्फत नियम सांगितला. त्या शांत होत्या. म्हणाल्या, १९९९ मध्ये घर पेटलं तेव्हा पाठीवर घेऊन निघाले ती हीच. महालातून आली, महालात चालली. आम्ही राहिलो त्या जमिनीला विष लागलं तेव्हा कुणी दारात येऊन उभं राहिलं नाही, आता माझ्या सतरंजीला लागलं म्हणून तुम्ही उभ्या आहात?

मी नाहीच म्हणाले. त्यांचा चार वर्षांचा नातू माझ्या पायाशी उभा होता आणि त्याचा आकडा माझ्या वहीत होता. आजींनी वाद घातला नाही. घडी घालून सतरंजी टाकायच्या ढिगावर ठेवली, वरून हात फिरवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसल्या. पूल ओलांडताना ट्रकमध्ये कुणी बोलत नव्हतं. दक्षिणेकडे अल्बेनियन शेजार, मुलांच्या सर्बियन शाळा उत्तरेला, आणि ज्यांनी महाला जळताना पाहिली होती ते त्याच रस्त्याने परत चालले होते. आमच्या तक्त्यात या भीतीसाठी रकाना नव्हता.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या नव्या घरी गेले. फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, चपला बाहेर, मुलांची नखं कापलेली. सांगितलेलं सगळं पाळलं होतं. भिंतीवर छताजवळच्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती, तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं. आत वीतभर तुकडा. त्या ढिगातून कधी कापून घेतला, माहीत नाही. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नातवाच्या उंचीपासून पिशवीपर्यंत हाताने अंतर दाखवलं.

तपासणी-तक्त्यात ‘निषिद्ध वस्तू आढळली का’ असा प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहिलं. त्या ‘नाही’बद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. दारात म्हटलेलं ‘नाही’ मात्र बरोबर होतं हे माहीत असूनही मला सोडत नाही.